उभ्या गाडीखालचा डाग

४ मार्च

मामा,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे हिंडतेफिरते आहेत. फोनच केला असता, पण इंजिनांच्या आवाजात तुझे कान गेलेत. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि ज्यांच्याबद्दल ओरडायचं ते भिंतीपलीकडच्या खोलीत बसलेले असतात. म्हणजे बाबा.

तुला माहीतच आहे, मागच्या वर्षी मोटरसायकल चालवता चालवता त्यांना भोवळ आली आणि ते रस्त्यात पडले. खांदा बरा झाला, पण डॉक्टरांनी गाडी कायमची बंद केली. बाबांनी मला शब्द दिला की गाडी चालवणार नाही. मी किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली आणि गाडी घराच्या बाजूच्या बोळात पत्र्याखाली उभी करून ठेवली. विकायचा विषय काढला की ते ताटावरून उठतात, म्हणून विकली नाही. पाण्याचे मीटर वाचत ते उभं आयुष्य त्या गाडीवर फिरले, आईला लग्नानंतर घरी आणलं तेही तिच्यावरूनच, हे तुला मी काय सांगणार.

तर गेले काही दिवस सकाळी गाडीखाली तेलाचा डाग दिसतो, चांगला बशीएवढा. पुसला तरी पुन्हा होतो. तेल मोजायची पट्टी काढून बघितली तर तेल खुणेच्या बरंच खाली. मी बाटली आणून भर घातली, तर आठवड्यात पुन्हा कमी. उभ्या गाडीचं तेल पितंय कोण? त्यात समोरची शिवणकाम करणारी बाई परवा हसत हसत सांगत होती की तुमचे बाबा दुपारी गाडीवर दिसले, डोक्यावर हेल्मेट घालून. बाबांच्या शर्टाच्या बाहीला तेलाचा वास येतो. सगळ्या गाडीवर धूळ आहे, सीटवर नाही.

मी सरळ विचारलं. म्हणाले, "मी गाडी चालवलेली नाही." आणि कांदा चिरता चिरता शीळ घालायला लागले. पडल्यापासून या माणसाच्या तोंडून मी शीळ ऐकली नव्हती. चोर तो चोर, वर शिरजोर.

मी सकाळी चष्म्याच्या दुकानात जाते ती संध्याकाळी येते. आई गेल्यापासून मधला सगळा वेळ ते एकटे असतात. दादा केव्हापासून म्हणतोय, बाबांना माझ्याकडे पाठव, इथे घरात कुणी ना कुणी असतं. बाबांना ते नको आहे. चौथ्या मजल्यावरच्या घरात ते कोमेजतील हे मलाही दिसतं. त्यांच्या शब्दावर मी दादाला थोपवून धरलंय. शब्दच खोटा असेल तर मला त्यांना इथे एकटं ठेवता येणार नाही, पुन्हा भोवळ आली तर मीच मला माफ करणार नाही. तू जन्मभर गॅरेज चालवलंस. मला एवढंच सांग, तेल गळतंय म्हणजे गाडी चालते आहे का?

तुझी भाची

१२ मार्च

भाचीबाई,

पत्र वाचून आधी हसलो आणि मग चिडलो. लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतेस आणि घरातला चोर ओळखायला मामाला पत्र धाडतेस. पण बरं केलंस. बहिरा झालो असलो तरी तेलाची भाषा मला अजून कळते.

एक गोष्ट गाठीला बांध. इंजिन फिरल्याशिवाय तेल असं गळत नाही. इंजिन फिरलं की तेलाला जोर चढतो, जोर चढला की ते फट शोधतं. तुझ्या बाबांची गाडी फिरते आहे. तुझा संशय रास्त आहे.

भाऊजी खोटं बोलत नाहीत हे मी मान्य करतो. पण विचारल्याशिवाय खरं सांगत नाहीत, आणि विचारलं तरी अर्धंच हातावर ठेवतात. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा लंगडत होते. काय झालं विचारलं तर म्हणाले, दुखतोय. गाडीची किक उलटी बसून नडगी फुटली होती, हे ताईला लग्नानंतर कळलं. आता 'चालवलेली नाही' म्हणतात, म्हणजे बोळातून रस्त्यापर्यंत ढकलत नेली असेल आणि उतारावरून सोडली असेल. असल्या माणसाचे शब्द मोजून घ्यावे लागतात.

मुद्देमालासकट पकडायचं असेल तर सांगतो तसं कर. रॉकेलमध्ये बुडवलेल्या फडक्यानं इंजिन खालून वरून स्वच्छ पुसून काढ. कोरडं झालं की अंगाला लावायची पावडर त्यावर फुंकून बसव. खाली जाड पुठ्ठा ठेव. जिथून तेल फुटेल तिथली पावडर ओली होऊन काळी पडेल. फक्त एक चूक करू नकोस. जिथे थेंब लोंबतो ती जागा गुन्हेगार नसते. तेल वरून ओघळत येतं आणि सगळ्यात खाली येऊन लोंबतं. ओल वर शोधत जा, सगळ्यात वरची ओली जागा ती खरी.

आणि मागच्या टायरवर खडूनं बारीक खूण कर, जमिनीला टेकलेल्या जागी. गाडी हलली की खूण हलेल. भाऊजींना सांगू नकोस म्हणजे झालं.

तुझा मामा

२१ मार्च

मामा,

तू सांगितलंस तसं सगळं केलं. बाबा बँकेत गेले होते तेवढ्यात इंजिन पुसलं, पावडर मारली, पुठ्ठा ठेवला, खूण केली. आपल्याच घरात पाळत ठेवायची म्हणजे कसं वाटतं ते विचारू नकोस.

तेल डाव्या अंगाला सापडलं, क्लचचं जे गोल कव्हर आहे त्याच्या खालच्या शिवणीला. वर कुठेही पावडरला डाग नाही. तिथून ओघळून स्टँडवर आणि स्टँडवरून पुठ्ठ्यावर. दोन दिवसांत पुठ्ठा भिजला.

खडूची खूण मात्र जागच्या जागी आहे. पेट्रोलही काडी घालून बघितलं, होतं तेवढंच आहे. पण जो माणूस लपूनछपून गाडी काढतो तो पेट्रोल भरून ठेवणार नाही कशावरून? खूण दिसली असेल तर चाक फिरवून पुन्हा जागेवर आणणं काय कठीण आहे? जन्मभर लोकांच्या नळावरचे आकडे वाचलेत त्यांनी, बारीक खुणा त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत. गाडीचं मीटर तर कधीचंच बंद आहे, त्यामुळे तेही काही सांगत नाही. एकदा मी दुपारी दुकानातून मधेच घरी आले. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. मी हळूच बोळात जाऊन सायलेन्सरला हात लावला, गार होता. पण सायलेन्सर गार व्हायला असा कितीसा वेळ लागतो.

मला अजूनही शंका होती, म्हणजे त्यांच्या बाजूची. ती परवा संपली. त्यांच्या कपाटात धुतलेले रुमाल ठेवताना खणात गाडीची दुसरी किल्ली सापडली.

मी ती किल्ली जेवणाच्या टेबलावर ठेवली. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "माझी आहे ती."

मी म्हटलं, "गाडी चालवता ना तुम्ही?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, चालवता."

मामा, ते हसले. छद्मी नाही, मोठ्यांदा नाही, एखाद्यानं पाठ थोपटल्यावर माणूस हसतो तसं. आणि म्हणाले, "मग विचारतेस कशाला?" वर भाजीत मीठ कमी आहे हेही सांगितलं.

मला भयंकर संताप आला. मला फसवलं याचा नाही, फसवून वर मजा वाटते याचा. मी उठून दादाला फोन केला. ते पलीकडच्या खोलीत ऐकत होते. तो रविवारी येऊन त्यांना घेऊन जाईल.

तेल अजून गळतंच आहे. पट्टीवर कमी दिसलं म्हणून काल पुन्हा भर घातली. ते गेल्यावर कुणीतरी गिऱ्हाईक बघ, मला ती गाडी डोळ्यांसमोर नको आहे.

तुझी भाची

३ एप्रिल

मामा,

बाबा गेले. दादा आला, त्यांची बॅग उचलली आणि टॅक्सीत ठेवली. मला वाटलं होतं भांडतील, आईचं नाव काढतील. काही नाही. पायरीवर थांबून मला म्हणाले, बोळातला दिवा जातो-येतो, होल्डर बदलून घे. गाडीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ते बघतील म्हणून मी उगीच समोर उभी राहिले होते.

दादाकडून रोज खुशाली कळते. जेवतात, झोपतात, गॅलरीत बसतात. त्रास काही देत नाहीत, असं वहिनी म्हणाली. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. बाबांनी त्रास दिला नाही असा एक दिवस मला आठवत नाही.

पण पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये आहेत. बाबा जाऊन आठवडा उलटला. बोळाच्या दाराला मी कुलूप लावलंय. आणि आज सकाळी गाडीखाली पुन्हा डाग होता.

मी तिथेच पायरीवर बसले. आधी समोरच्या बाईचा संशय आला, तिचा दीर गाड्यांचा शौकीन आहे. मग कुलपाचा आला, जुनं आहे, कुणाच्याही किल्लीनं उघडत असेल. मग खडूची खूण बघितली, ती जागची हललेली नव्हती. मामा, आता गाडी कोण चालवतंय?

तुझी भाची

९ एप्रिल

पोरी,

तुझं पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. समोरच्या बाईला काही बोलली नसशील तर बोलू नकोस. गाडी कुणी चालवत नाही. कुणी चालवतही नव्हतं.

माझ्या हयातीत मी ज्या गाड्या उघडल्या त्यातल्या बहुतेकांचं तेल इंजिनाच्या पोटातच असतं. ती गाडी उभी असली की तेलही आपल्या जागी पडून असतं. तसं समजूनच मी तुला फटकन उत्तर लिहून मोकळा झालो. भाऊजींची गाडी जुन्या घडणीची आहे, हे मला ठाऊक असून मी विचारात घेतलं नाही. आधीच भाऊजींवर माझा वहीम, त्यात तू विचारलंस, उतावळ्याला तेवढं पुरे झालं.

आता नीट वाच. या गाडीचं तेल बाजूच्या वेगळ्या टाकीत असतं. इंजिन फिरलं की पंप ते तेल इंजिनात सोडतो, आणि वापरून झालेलं तळातून उचलून पुन्हा टाकीत नेतो. गाडी उभी असताना टाकीतलं तेल आपोआप खाली उतरू नये म्हणून वाटेत एक पोलादी गोळी असते आणि तिच्यामागे स्प्रिंग. ती गोळी भोकावर घट्ट बसली पाहिजे. झिजली किंवा तिच्याखाली कचरा अडकला की तेल झिरपत झिरपत इंजिनाच्या तळात उतरतं. गाडी रोज चालत असेल तर पंप रोज ते उचलून वर नेतो, कुणाला पत्ता लागत नाही. पण गाडी उभीच राहिली की तळ भरत जातो. भरला की तेल सीलमधून क्लचच्या कव्हरात शिरतं आणि तिथून तुझ्या फरशीवर. टाकीत तेल कमी दिसतं, तू भर घालतेस, ती भरही खालीच जाते. गळती तू वाढवत होतीस आणि मी इथून तुला शाबासकी देत होतो.

तो डाग गाडी चालल्याचा नाही. गाडीला कुणी हात लावत नाही याचा आहे.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, एकदा ठेवून बघितलास. इंजिनाच्या तळाचा मोठा बोल्ट काढ. रोज चालणाऱ्या गाडीतून तिथून वाटीभर तेल निघेल. भांडं भरून वाहायला लागलं तर भाऊजी खरे आणि आपण दोघं खोटे. नाहीतर थांब, मीच येतो. पाना चालवण्याइतके हात अजून शाबूत आहेत.

मामा

२० एप्रिल

बाबा,

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे सुरुवात कशी करतात ते मला माहीत नाही. फोनवर हे बोलता आलं नसतं. तुमचा फोन हॉलमध्ये आहे, आणि मला मधेच रडू आलं असतं.

मामा आला होता. आम्ही बोळात गाडीखाली कपडे धुवायचं घमेलं ठेवलं आणि त्यानं तळाचा बोल्ट सोडवला. तेल येतच राहिलं. घमेलं भरत आलं तशी मी आतून बादली आणायला धावले. मी घातलेली सगळी भर त्यात होती, टाकीतलं होतं, सगळंच होतं. मामा उकिडवा बसून बघत होता. तो म्हणाला, "भाऊजींनी किक मारली असती ना, तर हे तेल इथे राहिलंच नसतं." मी तिथेच फरशीवर बसून रडले. त्यानं भरलेलं घमेलं बाजूला ओढलं आणि बादली खाली सरकवली.

नंतर आम्ही पंपाकडचं झाकण काढलं. गोळीखाली गाळ बसला होता आणि स्प्रिंग मऊ पडली होती. मामानं गोळी आणि तिची बैठक साफ करून घासून बसवली, स्प्रिंग नवी घातली. क्लचच्या बाजूचं सील काढलं तर ते हातात बिस्किटासारखं तुटलं. तेही नवीन बसवलं, कव्हरचं पॅकिंग बदललं. गाडी सुरू केली तेव्हा बोळ धुरानं भरला आणि समोरची बाई पाणी घेऊन धावत आली. मग धूर निवळला. आज पाचवा दिवस आहे, पुठ्ठा कोरडा आहे.

मामा म्हणतो, नुसती दुरुस्ती करून भागणार नाही, ही गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरायला हवी. म्हणून त्यानं मला चालवायला शिकवलं. माझ्या स्कूटरचं आणि हिचं काही म्हणजे काही जमत नाही. दोनदा बंद पाडली. पण कोपऱ्यापर्यंत जाऊन आले.

बाबा, तुम्ही मला खरं सांगितलं होतं आणि मी ते मानलं नाही. माझ्यासमोर खूण होती, पेट्रोल होतं, गार सायलेन्सर होता. जे जे तुमच्या बाजूनं बोलत होतं ते मी तुमच्याविरुद्ध धरलं. तुमच्या जागी मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. तुम्ही एक वाक्य जास्त का बोलला नाहीत? ती किल्ली आणि ते हेल्मेट कशासाठी होतं हेही मला कळलेलं नाही, पण आता विचारत नाही. विचारून मी काय करून बसले ते बघितलं.

परत या म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणते.

तुमची मुलगी

२८ एप्रिल

बाळ,

पत्र मिळालं. मला लिहायची सवय नाही. नोकरीत आकडे लिहिले, तेवढंच. चुकलं तर समजून घे.

मामाला सांग, स्प्रिंग बदलली ते बरं केलं. त्या गोळीचं दुखणं जुनं आहे. तू लहान असताना मी तापानं अंथरुणाला खिळलो होतो, तेव्हाही गाडी उभी राहून असाच डाग पडला होता. तुझ्या आईनं पुसला होता. त्यामुळे या वेळी डाग पहिल्यांदा दिसला त्या दिवशीच मला ठाऊक होतं, तेल कुठून येतं आणि का येतं. बोटानं चाचपूनही बघितलं होतं. 'उभी राहिली की गळते ती' एवढं म्हणालो असतो तर तुझा संशय तिथेच मिटला असता. मी म्हणालो नाही. कुणी लपवायला सांगितलं नव्हतं, मीच लपवलं.

दुसरी किल्ली माझ्याकडे होती. तू दुकानात गेलीस की मी बोळात जायचो. हेल्मेट घालायचो, गाडीवर बसायचो, किल्ली फिरवायचो आणि पाय किकवर ठेवायचो. तो पाय खाली दाबला जात नव्हता. मी पडलो तो रस्ता, ती समोरून येणारी बस, सगळं पुढे उभं राहायचं आणि मी किल्ली काढून उतरायचो. डॉक्टरांनी बंदी घातली नसती, तू किल्ली घेतली नसतीस, तरी मी चालवली नसती. दिलेला शब्द पाळायला मला काही कष्टच पडले नाहीत. मला भीती वाटते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि तूही दादाला सांगू नकोस.

मग तू विचारायला लागलीस. आधी तोंडानं, मग नजरेनं. तू दुपारी अचानक आलीस आणि गुपचूप सायलेन्सर चाचपलास, ते मी खिडकीतून बघत होतो. मला हसू आवरेना. पडल्यापासून सगळे माझा हात धरून मला जिना उतरवत होते. डॉक्टर, दादा, शेजारी, तूसुद्धा. आणि आता माझ्या पोरीला वाटत होतं की हा म्हातारा अजून किक मारतो, भर रस्त्यातून गाडी काढतो, फिरून येतो आणि पुन्हा खुणेवर आणून उभी करतो. जगात एक तरी माणूस मला तसा समजत होता. तुझा तो समज मला मोडवेना. तू किल्ली टेबलावर ठेवलीस तेव्हाही मी गप्प बसलो. तू दादाला फोन केलास तेव्हा खरं सांगायला उठलो होतो, दारापर्यंत आलोही होतो. पण मग मी गाडीवर नुसता बसून उतरतो हेही सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा चोर म्हणून इथे आलेलं परवडलं. तेव्हा तुला काय वाटत असेल याचा मी विचार केला नाही. तेवढं माझं चुकलं.

तू ती गाडी चालवलीस हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. पहिला गिअर टाकताना ती झटका देते, क्लच हळू सोड. वळणावर तिला घाई खपत नाही. मी मागे बसेन. उभ्या आयुष्यात कुणाच्या मागे बसलो नाही, तेव्हा पहिले काही दिवस तुला कटकट होईल, ती सहन कर.

इथे सगळं चांगलं आहे. जेवण वेळेवर मिळतं, औषध हातात मिळतं, गॅलरीतली खुर्ची माझी आहे. मी कुठे उठलो, कुठे गेलो, काय करत होतो, हे कुणी विचारत नाही. माझ्यावर इथे कुणी कसलाच संशय घेत नाही.

मला न्यायला ये.

बाबा